दोष एकट्या थायरॉइडचा नाही

कळंब तालुक्यातल्या एखाद्या गावातली अठ्ठेचाळीस वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणू या. घरची थोडी शेती, खरिपात सोयाबीन, रब्बीत ज्वारी. पूर्वी डोक्यावर पेंढ्या वाहणारी ही बाई आता बहुतेक वेळ घरातच असते. मळणी यंत्राने होते, पाणी नळाने येते, पीठ गिरणीतून येते. गेल्या सहा-सात वर्षांत वजन अडुसष्ट किलोवर गेले आहे. उंची मात्र पाच फुटांच्या आसपास. थकवा, पायांवर सूज, केस गळणे सुरू झाले म्हणून तालुक्याच्या गावी रक्त तपासले. टीएसएच ७.२ निघाला. 'थायरॉइड आहे' हे शब्द कानावर पडले आणि एका अर्थाने तिला हायसे वाटले. वजनाचे कारण सापडले होते. आता गोळी चालू झाली की वजन आपोआप उतरेल!

त्याच आठवड्यात पोट दुखते म्हणून सोनोग्राफीही झाली होती. तिच्या अहवालात खालच्या बाजूला एक ओळ होती : 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. 'ते आजकाल सगळ्यांनाच असते,' असे कुणीतरी म्हणाले आणि तो कागद घडी होऊन पिशवीत गेला.

ही बाई कल्पनेतली असली, तरी धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा यांपैकी कोणत्याही गावातल्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर ती भेटू शकते. तिच्या पिशवीतल्या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध आहे का? असेल तर किती? आणि त्यातला कोणता कागद अधिक गंभीरपणे घ्यायला हवा? वैद्यकशास्त्राने गेल्या काही वर्षांत या प्रश्नांची बरीचशी उत्तरे शोधली आहेत. ती थोडी अनपेक्षित आहेत.

मुकादम आणि मजूर

आधी टीएसएचविषयीचा एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. 'माझा थायरॉइड वाढलाय' असे लोक म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा वाढलेला असतो तो टीएसएच. आणि टीएसएच हे थायरॉइडचे संप्रेरक नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी ते तयार करते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला 'काम कर' असा निरोप देणे, हे त्याचे काम. थायरॉइड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके तयार करते. ती कमी पडू लागली की पिट्यूटरी निरोप वाढवते. ऊसतोडीच्या फडात मजुराचा हात मंदावला की मुकादमाचा आवाज चढतो, तसेच हे. त्यामुळे टीएसएच वाढलेला असणे म्हणजे थायरॉइड जास्त नव्हे, तर कमी काम करत असल्याची खूण.

यातही दोन पायऱ्या आहेत. टीएसएच वाढलेला आणि टी-४ कमी झालेला असेल, तर तो उघड हायपोथायरॉइडिझम. टीएसएच थोडा वाढलेला, पण टी-४ अजून ठीक असेल, तर ती सौम्य किंवा छुपी अवस्था. आपल्या उदाहरणातल्या बाईचा टी-४ सामान्य असेल, तर ती या दुसऱ्या गटात मोडते.

हा विकार भारतात दुर्मीळ नाही. मुंबई, गोवा, हैदराबाद, दिल्लीसह आठ शहरांतील ५,३७६ प्रौढांची तपासणी करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के लोकांत हायपोथायरॉइडिझम आढळला होता. म्हणजे दर दहा जणांत एकाला.  स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. देशभर राबवल्या गेलेल्या आयोडीनयुक्त मिठाच्या कार्यक्रमामुळे आयोडीनच्या कमतरतेने होणारा गलगंड बराच मागे पडला. आज आढळणाऱ्या हायपोथायरॉइडिझमचे मोठे कारण वेगळे आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते, हे ते कारण.

वजनाचा हिशेब

थायरॉइड संप्रेरके शरीराच्या चयापचयाचा वेग ठरवतात, हे खरे. ती कमी पडली की थंडी वाजते, बद्धकोष्ठ होते, कातडी कोरडी पडते, पाळी जास्त जाते, कोलेस्टेरॉल वाढते आणि वजनही वाढते. पण किती? थायरॉइडतज्ज्ञांच्या संघटना याचे जे उत्तर देतात, ते अनेकांना पटत नाही. हायपोथायरॉइडिझममुळे थेट वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते. आणि त्यातला बराचसा वाटा चरबीचा नसून अंगात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. सौम्य अवस्थेत तर तेवढेही वाढत नाही.

म्हणजे आपल्या बाईचे वजन पंधरा किलो जास्त असेल, तर त्यातले फार तर तीन-चार किलो थायरॉइडच्या खात्यावर टाकता येतील. उरलेल्याचा हिशेब दुसरीकडे मांडावा लागेल. गोळी सुरू करून टीएसएच ताळ्यावर आला, थकवा गेला, तरी वजनाचा काटा फारसा हलत नाही, याचे कारण हेच. 'गोळ्या चालू आहेत तरी वजन उतरत नाही' ही तक्रार त्यामुळे गोळीच्या अपयशाची नसते. गोळीकडून ठेवलेल्या चुकीच्या अपेक्षेची असते.

याहून गंमतीची गोष्ट म्हणजे बाण उलट दिशेनेही चालतो. अंगातली चरबी हा नुसता साठा नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. लेप्टिन मेंदूला भुकेचा अंदाज देते आणि त्याच वेळी टीएसएच तयार करणाऱ्या यंत्रणेलाही चालना देते. त्यामुळे लठ्ठ व्यक्तींमध्ये, लठ्ठ मुलांमध्येही, थायरॉइड ग्रंथी निरोगी असताना टीएसएच किंचित वाढलेला आढळू शकतो. अशा व्यक्तींनी वजन कमी केले की टीएसएच पुष्कळदा आपोआप खाली येतो. म्हणून सीमारेषेवरचा टीएसएच दिसला की डॉक्टर लगेच गोळी सुरू न करता काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, तेव्हा तो वेळकाढूपणा नसतो. टीएसएच दहाच्या वर असेल, स्त्री गरोदर असेल किंवा होऊ पाहत असेल, लक्षणे ठळक असतील, तर मात्र उपचार टाळू नयेत.

यकृतात काय घडते?

आता पिशवीतला दुसरा कागद. यकृत हे शरीराचे कोठारही आहे आणि स्वयंपाकघरही. जेवणातली साखर आणि प्रथिने आतड्यातून सर्वप्रथम तिथे पोहोचतात. किती जाळायचे, किती साठवायचे, किती पुढे पाठवायचे, हे यकृत ठरवते. निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. ती पाच टक्क्यांहून अधिक पेशींमध्ये साठू लागली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. हा आजार फक्त दारू पिणाऱ्यांना होतो, ही समजूत जुनी झाली. दारूला कधी स्पर्शही न केलेल्यांना होणाऱ्या या आजाराचा मूळ संबंध चयापचयाशी आहे. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी एकत्र येऊन त्याचे नावच बदलले. 'दारूमुळे न झालेला' असे नकारार्थी नाव सोडून 'चयापचयाच्या बिघाडाशी निगडित' असे नेमके नाव दिले.

थायरॉइडचा इथे थेट संबंध येतो. यकृताच्या पेशींमध्ये टी-३ या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राहक असतात. त्यांच्या 'बीटा' प्रकाराचे यकृतात वर्चस्व असते. टी-३ त्यांना चिकटले की यकृत चरबी जाळण्याचा वेग वाढवते आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेते. संप्रेरक कमी पडले की ही भट्टी मंदावते आणि न जळलेली चरबी पेशींत साठू लागते. नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात नऊ हजारांहून अधिक लोकांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हायपोथायरॉइडिझम असलेल्यांमध्ये फॅटी लिव्हरची शक्यता सुमारे २४ टक्क्यांनी जास्त आढळली.

संबंध आहे, पण त्याचे वजन नीट तोलायला हवे. २४ टक्के वाढ ही दुर्लक्ष करण्याजोगी नाही आणि सगळे खापर फोडण्याजोगीही नाही. फॅटी लिव्हर असलेल्या बहुतेक लोकांचे थायरॉइड अगदी व्यवस्थित असते. खरा मोठा कारभारी आहे तो पोटाभोवतीची चरबी आणि तिच्यामुळे निष्प्रभ होणारे इन्सुलिन. इन्सुलिनला पेशी जुमानेनाशा झाल्या की चरबीच्या साठ्यातून फॅटी आम्ले रक्तात सुटतात आणि यकृतात येऊन थडकतात. त्यातच साखर आणि मैदा जास्त खाल्ला, तर यकृत त्या साखरेचीही चरबी बनवते. थायरॉइड मंदावणे हे त्या आगीत तेल ओतणे आहे; आग मात्र आधीच लागलेली असते.

दुष्काळी जिल्ह्यात लठ्ठपणा?

धाराशिव हा पर्जन्यछायेतला जिल्हा. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे घेतले, त्यांत नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीसोबत तेव्हाचा उस्मानाबाद होता. भूम, परंडा, वाशी, कळंबमधून आजही कुटुंबे ऊसतोडीला जातात. अशा ठिकाणी लठ्ठपणाची चर्चा शहरी चोचल्यांसारखी वाटू शकते.

ती तशी का नाही, याचे एक उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर वरून बारीक दिसत असतानाही आत, विशेषतः पोटात, चरबी बाळगते.

हे कुठून सुरू होते, हे पाहण्यासाठी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास झाला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास तेवढीच. आईच्या पोटात उपासमार सोसलेले बाळ काटकसर शिकूनच जन्माला येते. पुढे आयुष्यभर अन्न बेताचे मिळाले तर ते तगून जाते. पण अन्न वाढले आणि श्रम घटले, की हीच काटकसर त्याच्या मुळावर येते. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यात जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडते आहे. मधुमेह, रक्तदाब आणि यकृताच्या तपासणीचे हेच वय, हे लक्षात घेतले की दुष्काळ आणि लठ्ठपणा हे दोन शब्द एकमेकांपासून फार दूर राहत नाहीत.

देशाचे आकडेही हेच सांगतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार पोटाचा घेर प्रमाणाबाहेर असलेल्या प्रौढांचे प्रमाण जवळपास ४० टक्के आहे. फॅटी लिव्हरवरील भारतातील अनेक अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेल्या निष्कर्षात प्रौढांमधले प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांमधले ३५.४ टक्के आले. यातले बरेच अभ्यास रुग्णालयात आलेल्या लोकांवरचे आहेत, त्यामुळे गावोगावचे प्रमाण याहून कमी असणार. तरीही आजार किती पसरला आहे, याची कल्पना त्यावरून येते.

म्हणूनच आपल्यासाठी मापेही वेगळी आहेत. युरोपीय लोकांत बॉडी मास इंडेक्स ३० झाल्यावर लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर वजन कितीही असो, सावध व्हावे.

'ग्रेड १' म्हणजे नेमके काय?

सोनोग्राफीतल्या ग्रेडमुळे मोठी फसगत होते. सोनोग्राफीत यकृत किती चकाकते, त्यावरून चरबीचा अंदाज बांधून १, २, ३ असे ग्रेड देतात. 'ग्रेड १ आहे, काळजी नको' असे त्यामुळे म्हटले जाते. पण धोका चरबी किती आहे यावर तेवढा अवलंबून नसतो, जेवढा यकृतात व्रण किती पडले आहेत यावर असतो. चरबीमुळे सूज येते, सूज भरून येताना व्रण पडतात, व्रण वाढत गेले की यकृत निबर होते आणि शेवटी सिऱ्होसिस होतो. काहींना यकृताचा कर्करोगही होतो. ग्रेड १ असलेल्या एखाद्याच्या यकृतात व्रण असू शकतात आणि ग्रेड २ असलेल्याच्या यकृतात नसूही शकतात. शिवाय हे सगळे दुखण्याशिवाय घडते. यकृत तक्रार करत नाही.

बहुसंख्य लोकांत हा आजार सिऱ्होसिसपर्यंत जात नाही, हेही सांगायला हवे. फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचे सर्वात मोठे कारण यकृत नसून हृदयविकार असते. म्हणजे अहवालातली ती ओळ यकृताइतकीच हृदयाविषयीही सूचना देत असते.

व्रणांचा पहिला अंदाज घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. 'फिब-४' नावाचे एक सोपे गणित जगभर वापरले जाते. त्याला चारच गोष्टी लागतात : वय, यकृताची एएसटी आणि एएलटी ही दोन विकरे, आणि रक्तातल्या प्लेटलेट्स. वयाला एएसटीने गुणायचे. मग प्लेटलेट्सच्या हजारांतल्या आकड्याला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे.

आपल्या उदाहरणातल्या बाईचे वय ४८, एएसटी ४२, एएलटी ४९, प्लेटलेट्स दोन लाख, म्हणजे २०० हजार, असे धरू. ४८ गुणिले ४२ म्हणजे २,०१६. एएलटीचे वर्गमूळ ७. त्याला २०० ने गुणले की १,४००. भागाकार येतो १.४४. हा आकडा १.३ पेक्षा कमी असता, तर मोठे व्रण असण्याची शक्यता फार कमी, असे म्हणता आले असते. २.६७ च्या वर असता, तर ताबडतोब यकृततज्ज्ञांकडे जावे लागले असते. १.४४ मधल्या पट्ट्यात येतो. म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी तपासणी करून घ्यायला हवी. अहवालात एकही आकडा भडक नव्हता, सोनोग्राफीत ग्रेड १ होता. तरीही गणित सांगते की हा कागद घडी घालून ठेवण्याचा नाही. वय पासष्टच्या वर असेल, तर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. हे गणित निदान नव्हे, चाळणी आहे. त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच लावून घ्यावा.

गोळीचा मोह

थायरॉइडचे संप्रेरक चरबी जाळते, तर मग थायरॉइड ठीक असलेल्यांनीही ते घेतले तर? हा मोह सव्वाशे वर्षे जुना आहे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून हायपोथायरॉइडिझमची रुग्ण बरी केली. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. उपचार इतका प्रभावी ठरला, की पुढे तोच अर्क बारीक होण्याचे औषध म्हणून विकला जाऊ लागला. वजन उतरायचे, पण चरबीबरोबर स्नायूही झिजायचे, हाडे ठिसूळ व्हायची आणि हृदयाची लय बिघडायची. आज अमेरिकेत थायरॉइडच्या औषधाच्या माहितीपत्रकावर ते वजन घटवण्यासाठी वापरू नये, असा इशारा चौकटीत छापणे बंधनकारक आहे. लवकर वजन उतरावे म्हणून स्वतःच अर्धी गोळी वाढवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शास्त्रज्ञांनी मात्र या कल्पनेचा पिच्छा सोडला नाही. कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी थायरॉक्सिनचे एक वेगळे रूप हृदयरुग्णांना देऊन पाहिले गेले; पण मृत्यू वाढलेले दिसल्यामुळे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली. मग लक्षात आले की हृदय आणि हाडांमध्ये या संप्रेरकाचा 'अल्फा' ग्राहक प्रमुख आहे आणि यकृतात 'बीटा'. फक्त बीटालाच जागवणारे औषध सापडले, तर हृदयाला धक्का न लावता यकृताची भट्टी पेटवता येईल.

अनेक दशकांच्या खटपटीनंतर तसे औषध आले. रेसमेटिरोम हे त्याचे नाव. ९६६ रुग्णांवरील चाचणीत एका वर्षानंतर यकृताची सूज निवळल्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत मात्रेनुसार २६ ते ३० टक्के होते, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सुमारे १० टक्के. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. चरबीने सुजलेल्या आणि व्रण पडलेल्या यकृतासाठी तिथे मान्यता मिळालेले हे पहिले औषध. ऑगस्ट २०२५ मध्ये वजन घटवणाऱ्या सेमाग्लुटाइडलाही याच आजारासाठी तिथे मान्यता मिळाली. थायरॉइड आणि यकृत यांचे नाते किती खरे आहे, याचा यापेक्षा भक्कम पुरावा नाही. पण ही औषधे व्रण बऱ्यापैकी वाढलेल्या रुग्णांसाठी आहेत आणि तीही आहार-व्यायामाच्या जोडीने. शिवाय औषध घेणाऱ्या दर दहा जणांत सात जणांची सूज वर्षभरानंतरही निवळली नव्हती, हेही त्याच चाचणीतून दिसते.

पाच किलोंची किंमत

सर्वात जुना उपाय अजून सर्वात परिणामकारक आहे. क्युबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामाचे मार्गदर्शन देऊन यकृताचे तुकडे तपासले गेले. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवले, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांच्या यकृताची सूज निवळली आणि ४५ टक्के लोकांचे व्रणही कमी झाले. पाच टक्के वजन उतरले तरी यकृतातली चरबी घटते. अडुसष्ट किलोच्या बाईसाठी पाच टक्के म्हणजे साडेतीन किलो, सात टक्के म्हणजे पावणेपाच आणि दहा टक्के म्हणजे पावणेसात किलो. वर्षभरात, महिन्याला अर्धा किलो या गतीने, हे जमण्यासारखे आहे. उपाशी राहून झटपट वजन उतरवणे मात्र यकृतालाच बाधू शकते.

यासाठी परदेशी बिया आणि महागडे डबे लागत नाहीत. ज्वारीची भाकरी, हुलगे, मटकी, तुरीचे वरण, पालेभाज्या, ताक हे मराठवाड्याचे जेवण यकृताला मानवणारेच आहे. बिघडले आहे ते त्याभोवतीचे. दिवसातून पाच-सहा वेळा होणारा गोडमिट्ट चहा, त्यासोबतची बिस्किटे, मुलांच्या हातातली शीतपेये, रोजच्या भाजीवर तरंगणारी तेलाची तर्री. दोन चमचे साखरेचे पाच चहा म्हणजे दिवसाला दहा चमचे, साधारण पन्नास ग्रॅम साखर. कुंथलगिरीचा खवा आणि धाराशिवचे गुलाबजाम सणावारी खाल्ल्याने यकृताचे नुकसान होत नाही. रोजचा गोड चहा ते करतो. तुळजापूरच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्यांनी साबुदाणा, वेफर्स आणि तळलेले पदार्थ यांऐवजी भगर, ताक, फळे, शेंगदाणे बेताने घेतले, तर उपवास यकृतालाही फळेल. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे. रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारे काम हवे. वजन उतरले नाही तरी चालण्याने यकृतातली चरबी कमी होते. दारूची मात्र कोणतीही मात्रा या यकृताला परवडत नाही.

थायरॉइडची गोळी चालू असेल, तर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर निदान अर्धा तास चहाही घेऊ नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. शेतातले सोयाबीन आता पिठात आणि वड्यांच्या रूपाने ताटातही येते; ते गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकते, म्हणून त्यातही अंतर ठेवावे. मात्रा बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर तपासणीपूर्वी सांगावे. त्याने अहवाल चुकू शकतो. शिजवलेली कोबी, फ्लॉवर मात्र सोडण्याचे कारण नाही.

आशाताईंची फीत

फेब्रुवारी २०२१ मध्ये भारताने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तिशी ओलांडलेल्यांकडे आशाताई जो अर्ज भरून घेतात, त्यात कंबरेचा घेर विचारलेला असतो. गुण चारपेक्षा जास्त झाले, तर तपासणीसाठी आधी पाठवायचे असते. अनेक घरांत या फितीला हसून टाळले जाते, विशेषतः बायका टाळतात. पण यकृताच्या आजाराची पहिली चाहूल देणारे, एक रुपयाही न लागणारे साधन तेच आहे.

दारात आलेल्या तपासणीने काय साधते, हे या जिल्ह्याइतके कुणाला ठाऊक असावे? याच जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी झाली होती. टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये तिने जगाला दाखवले. आज अनेक देशांच्या धोरणामागे इथल्या खेड्यापाड्यांतल्या त्या बायका आहेत. कुणीतरी दारात आले, त्यांनी लाज बाजूला ठेवून तपासून घेतले, म्हणून ते घडले.

कळंबच्या त्या बाईने पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना दोन्ही कागद न्यावेत. 'टीएसएच किती आला?' या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत : माझा फिब-४ किती येतो? साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले का? आणि माझ्या कंबरेचा घेर किती आहे? गोळी थायरॉइडची उणीव भरून काढेल. यकृताची उणीव भरून काढायची, तर चहातली साखर आणि संध्याकाळचा अर्धा तास तिला स्वतःलाच हाती घ्यावा लागेल. आणि तो अर्धा तास तिला मिळावा, हे घरातल्या बाकीच्यांनी पाहावे लागेल.